दाराकडे पाठ करून

किसनदादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्या डॉक्टरकीच्या आठवणी लिहायच्या तर आधी त्याचं नाव लिहावं लागतं, कारण मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो त्याचा. वडील लवकर गेले. साखऱ्याच्या, म्हणजे आमच्या गावच्या, कोरडवाहू जमिनीवर तो राबला आणि मी शिकलो. एवढं तर माझ्या वयाचे बरेच जण आपल्या थोरल्या भावाविषयी सांगतील. मला हिंगोलीच्या शाळेत घातलं तेव्हा तो दर बाजारी भाकरीचं गाठोडं घेऊन यायचा आणि शाळा सुटेपर्यंत वर्गाच्या खिडकीखाली, खिडकीकडे पाठ करून बसायचा. बिचाऱ्याला आत पाहायचा संकोच वाटतो, असं मास्तरांना वाटे. खरं कारण त्याने मला फार पुढे सांगितलं. "तू माह्याकडं पाहत बसला असता, मंग शिकला कवा असता?"

दादाच्या त्या पाठीविषयीच मला लिहायचं आहे. या अंकाच्या संपादकांनी गमतीचे किस्से मागितले आहेत. ते सांगतो, पण तेवढ्यावर थांबता येणार नाही.

निजामी राजवटीत हैदराबादला उर्दूतून शिकून मी डॉक्टर झालो आणि हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात लागलो. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला, त्यामुळे साखऱ्याच्या लोकांनी मला वेशीपासून हलगी लावून नेलं होतं. त्या वेळचा दवाखाना आजच्या वाचकाला कळायचा नाही. औषध पातळ असे आणि बाटली रोग्याने घरून आणायची. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. हिवताप, हगवण, विंचू, नारू, बैलाने मारलेलं शिंग, यातच दिवस जाई. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब जंत. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्याच्या पायाला फोड येऊन त्यातून तो डोकं काढी. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली की आत तुटतो आणि पाय सुजतो. एका पाटलांचा नारू मी असा सबंध काढला आणि काडीसकट फेकून दिला, तर ते माझ्यावर रागावले. "इतके दिस पोसला म्या, आन तुमी मला न इचारता फेकून देता?" त्यांना तो गावात दाखवायचा होता.

मोठ्या घरच्या बायका पडद्याआड असत. नाडी पाहायला पडद्याखालून हात येई. जीभ दाखवा म्हटलं की पडद्याच्या फटीतून जीभ येई, बाकी चेहरा कधी दिसत नसे. एका घरी तर त्यासाठी पडद्याला शिंप्याकडून काज शिवून घेतलेलं होतं. मी मित्रांना हे हसत हसत सांगायचो. शिकलेला माणूस असल्याने मला हे हसण्यासारखं वाटे.

आमच्या धंद्याची आणखी एक रीत होती. रोग्याला आता काही करता येणार नाही असं दिसलं की त्याला पुढं पाठवायचं. आम्ही परभणीला पाठवायचो, परभणीवाले हैदराबादला. चिठ्ठी लिहून द्यायची आणि म्हणायचं, पुढं घेऊन जा, तिथं मोठे डॉक्टर आहेत. नातेवाईक पाया पडून जात. रोगी आपल्या दवाखान्यात मरत नसे आणि त्याच्या माणसांना तोंडावर काही सांगावं लागत नसे. अशा किती चिठ्ठ्या मी लिहिल्या ते आठवत नाही. माणसं वाटेत, रेल्वेच्या फलाटावर, बैलगाडीत गेली असतील. मला ती पुन्हा दिसली नाहीत आणि मी चौकशीही केली नाही.

आता माझ्या घराविषयी.

माझी बायको कौसल्या. आमच्यात नवरा-बायको दिवसा एकमेकांशी फार बोलत नसत, थोरल्यांसमोर तर नाहीच. पुढे हिंगोलीला दवाखान्यालगतच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि आमची लहान इंदू एवढेच राहायचो, तरी ती सवय सुटली नव्हती. कौसल्येच्या छातीत गाठ होती आणि ती तिने मला सांगितली नाही. इंदूचं दूध सुटल्यावर राहिलेली दुधाची गाठ असेल असं समजून ती हळद आणि चुन्याचा लेप लावत राहिली. ती गाठ वरून फुटली, चोळीला डाग पडला आणि धुण्यात मला तो दिसला, तेव्हा मला कळलं. सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "तुमी डाक्टर हाव. डाक्टरला कसं दाखवावं?"

पडद्याच्या काजातून आलेल्या जिभेला हसणारा मी, माझ्याच घरात एवढं दुखणं वाढलेलं मला दिसलं नव्हतं. मीही तिच्याकडे दिव्याच्या उजेडात कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे तेव्हा तशी रीतच होती, आणि डॉक्टर होऊन माझ्यात काही फरक पडला नव्हता.

हैदराबादला शस्त्रक्रिया झाली. काही महिने बरे गेले. मग जखमेच्या कडेला पुन्हा गाठी आल्या, काखेत आल्या, डावा हात खांद्यापासून सुजला. पुन्हा हैदराबादला नेलं, किरणांचा उपचार झाला. त्यानंतर तिथल्या वयस्क सर्जननी मला बाजूला बोलावलं. मी त्यांचा विद्यार्थी. ते म्हणाले, "घर ले जाइए, डॉक्टरसाब. आराम से रखिए. अब तकलीफ मत दीजिए."

त्यांनी मला पुढं पाठवलं नाही, याचा मला राग आला. येताना गाडीत मी कौसल्येला सांगितलं की हैदराबादचं काम झालं, आता मुंबईला जायचं, तिथे रेडियम नावाचं नवं औषध आहे. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

पुढच्या महिन्यांची मला लाज वाटते आणि ती कोणत्या एका गोष्टीची नाही. जखम मोठी झाली होती, तिला वास येत होता. दवाखान्यात मी त्याहून घाण जखमा रोज सगळ्यांसमोर धूत होतो आणि लोक मला देवमाणूस म्हणत होते. घरी मात्र दुपारी दवाखाना बंद झाला की आतून कडी लावून मी तिची जखम धूत असे. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, विहिरीत टाकायची लाल दवा, वरून कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि स्वच्छ पट्टी. वास दवाखान्यापर्यंत जाऊ नये म्हणून ऊद जाळायचा. पट्ट्या मीच मोरीत धुवायचो, कारण बाईमाणसाकडे द्यायच्या तर बोभाटा होईल, आणि मी धुतो हे कोणी पाहिलं तर आणखी होईल. बायकोचे कपडे धुणारा पुरुष मी कधी पाहिला नव्हता. पट्ट्या अंगणात वाळत घालायचो त्याही दवाखान्याच्या पट्ट्यांच्या मध्ये, कळू नये अशा.

इंदूला मी साखऱ्याला वहिनीकडे पाठवून दिलं. लेकराने हे बघू नये, असं कारण दिलं. भेटायला येणारे नातेवाईक मी दारातून परत पाठवू लागलो. आमच्याकडे माणूस जायला लागलं की गावोगावचे सोयरे तोंड बघायला येतात, सोबत त्याला आवडणारं काही करून आणतात, घटकाभर बसून रडतात आणि जातात. मी त्यांना म्हणायचो, डॉक्टरच्या घरी तशी पद्धत नाही, तिला विश्रांती पाहिजे. ते पुरणपोळीचं फडकं माझ्या हातात देऊन मुकाट्याने जायचे. कोणी आलं होतं हे मी तिला सांगत नसे. एके दिवशी रांगेतल्या एका बाईला मी बोलताना ऐकलं, "ह्याच्या घरचंच दुरुस्त होईना, आपल्याला काय देऊन राहिला?" मी तिची बाटली भरली आणि मान वर केली नाही.

अशात दादा आला. बाजाराला आला होता, आणि मी त्याला परत पाठवू शकत नव्हतो. पण त्याची अडचण वेगळीच होती. तो कौसल्येचा भासरा. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर बाईने यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि ती असेल त्या खोलीत त्याने पाय ठेवायचा नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याने तिचा चेहरा पाहिला नव्हता. तिचा आवाजही त्याने ऐकला नसावा. साखऱ्याला असताना तो जेवायला यायच्या आधी खोकायचा आणि ती आत निघून जायची, एवढाच त्यांचा संबंध.

तो ओट्यावर टेकला आणि बंद दाराकडे पाठ करून बसला. मी आत पट्टी करत होतो. थोड्या वेळाने तो बोलू लागला. मला वाटलं कोणी आलंय. फटीतून पाहिलं तर ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं. समोरच्या लिंबाला सांगावं तसा तो मोठ्याने सांगत होता. "तर काय झालं, तांबडी याली. कालवड झाली. आमची इंदू म्हणती, तिचं नाव डाक्टरीण ठेवायचं. म्या म्हनलं, ठेव बाप्पा. आता सकाळपासून घरात वरडा चालला हाय, डाक्टरणीनं दावं तोडलं, डाक्टरणीनं तुरीत तोंड घातलं."

कौसल्या हसली. कित्येक दिवसांत ती हसली नव्हती. हसताना जखम दुखली असणार, कारण तिने ओठ आवळले. मग तिने उजवा हात हलवला आणि बांगड्या वाजल्या. आमच्या बायका थोरल्यांसमोर अशाच बोलतात. ऐकलं, हो, कळलं, हे सगळं बांगड्यांत. तिच्या डाव्या हातात बांगड्या राहिल्या नव्हत्या. हात सुजल्यावर त्या रुतायला लागल्या, तेव्हा मी त्या कापायला निघालो होतो. सवाष्णीच्या हातातली काच फोडली तर ते नवऱ्याच्या जिवावर येतं म्हणून तिने मला हात लावू दिला नाही. शेवटी कासारणीने साबणाचा फेस लावून एकेक उतरवली. दुखण्याने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण एकही बांगडी तिने फुटू दिली नाही. माझ्या जिवाला जपत होती.

बाहेर दादाने बांगड्या ऐकल्या. तो पुढे बोलू लागला.

त्यानंतर तो दर बाजारी यायला लागला, आणि पुढे मधेअधेही. त्याच्या बोलण्यात कधी दुखण्याचं नाव नसे. कोणाची सून रुसली, हरभरा कसा आला, देवळाच्या पारावर कोण कोणाला काय म्हणालं, इंदूने कोणती खोडी केली. ऐन गमतीच्या जागी तो थांबायचा आणि बांगड्या वाजल्याशिवाय पुढे जायचा नाही. एकदा त्याने सांगितलं की कौसल्येची मावशी जवळा बाजारहून भेटायला आली होती, दारातून परत गेली आणि साखऱ्याला येऊन रडून गेली. मी आतच होतो. कौसल्येने माझ्याकडे पाहिलं. तिला तोवर वाटत होतं की वासामुळे किंवा रोगाच्या भीतीने तिच्या माणसांनी तिला टाकलं आहे.  मी पट्टीचं टोक बांधत राहिलो, आणि ते बांधायला मला फार वेळ लागला.

मुंबईला जायचा दिवस मी ठरवला. कौसल्या तेव्हा उठून बसू शकत नव्हती. इथून पूर्णा, तिथून मनमाड, तिथून मुंबई, आणि दर ठिकाणी गाडी बदलायची. मॉर्फियाची सुई सोबत घेऊन मी तिला कसंबसं नेईन, असं ठरवलं होतं. खरं सांगायचं तर ती वाटेत जाईल हे मला दिसत होतं. पण ती उपचार घेता घेता गेली असती. हिंगोलीच्या डॉक्टरची बायको हिंगोलीत, उपचार संपून गेली असं झालं नसतं.

दादाला मी हे ओट्यावर येऊन सांगितलं. तो तंबाखू मळत होता.

"मुंबईला काय हाय?"

"मोठे डॉक्टर आहेत. पुढचा उपचार तिथंच."

"आन मुंबईच्या पुढं काय हाय?"

मी म्हणालो, "मुंबईच्या पुढं समुद्र आहे, दादा."

"मंग समुद्रापोतर नेऊन टाकतो व्हय रं तिला?"

त्याने आवाज चढवला नव्हता. तंबाखू तशीच हातात धरून तो उठला, दाराजवळ गेला, दाराकडे पाठ केली आणि या वेळी लिंबाला सांगितल्यासारखं बोलला नाही. कौसल्येशीच बोलला. "बाई, हे दोन सवाल हायेत. मुंबईला जायाचं, का घरला? मुंबई म्हनशील तर म्या पाठीवर बसवून नेतो. घर म्हनशील तर छकडा जुपतो. आता बांगड्यायनं भागायचं न्हाई. तोंडानं सांग."

 मी मधे बोलणार होतो, तिला त्रास देऊ नका असं काहीतरी. तेवढ्यात तिचा आवाज आला. ती मला उद्देशूनच बोलली, कारण भासऱ्याशी बोलायची सोय नव्हती, पण ते दादासाठी होतं.

"थोरल्यायला सांगा, मला घरी न्या. मला इंदूजवळ न्या. दवा पुरे झाली म्हनावं. मला समदं ठाऊक हाय, तुमालाच सांगवत न्हाई."

दादाने मान हलवली. मी दोघांच्या मधे उभा होतो आणि मला कुठे पाहावं ते कळत नव्हतं.

मी रजा घेतली. पहाटे छकड्यात गवत अंथरलं, वर चादर बांधून सावली केली. दादा पुढे जुवाजवळ, ती मागे, आणि मी सायकलवर छकड्यामागून. माझ्या डोक्यावर साहेबी हॅट होती. हिंगोलीहून सेनगावपर्यंत बरं गेलं. सेनगावला बाजार भरलेला होता आणि रस्ता गाड्यांनी अडला होता. तिथे धक्के बसून तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. उजव्या हाताने तिने छकड्याची कड धरलेली आणि डावा हात तिला उचलता येत नव्हता. भर बाजारात, पुढे भासरा बसलेला आणि तिचं डोकं उघडं. तिने मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला, त्या जखमेला लागली.

दादाने वळून पाहिलं नाही. कसं कळलं कोणास ठाऊक. बहुतेक बांगड्या एकदम गप्प झाल्या म्हणून. त्याने एका हाताने कासरा धरला, दुसऱ्याने आपलं मुंडासं सोडलं आणि न बघता खांद्यावरून मागे दिलं. तिने ते दातांत धरून ओढलं आणि डोक्यावरून घेतलं.

आमच्याकडे पुरुष बाजारात मुंडासं काढत नाही. घरात कोणी गेलं असेल तरच डोकं उघडं असतं. लोक थांबायला लागले. एका ओळखीच्याने विचारलं, "किसनराव, कोन गेलं?"

दादा म्हणाला, "कोन्नी न्हाई. समदे हायेत. डोक्याला वारं लागू द्यावं म्हनलं जरा."

माझ्या डोक्यावर हॅट होती. ती काढून तिच्यावर सावली धरावी, एवढंही मला सुचलं नव्हतं. मी कोणी ओळखीचं दिसतं का हे बघत, छकड्यापासून जरा अंतर ठेवून सायकल हातात धरून चाललो होतो.

साखऱ्याला ती काही आठवडे होती. पडवीला लागून असलेल्या खोलीत तिची खाट टाकली. दार उघडंच ठेवायचं, असं दादाने सांगितलं आणि स्वतः बाहेर पाठ करून बसला. सोयरे आले, मावशी आली, बाया खाटेजवळ बसल्या, रडल्या आणि रडून झाल्यावर चुलीपुढच्या गोष्टी बोलल्या. वास येत होता. एका म्हाताऱ्या बाईने नाकाला पदर लावला आणि तसंच तासभर तिचे पाय चेपले. इंदू पहिल्या दिवशी दारातच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी डाक्टरणीला, म्हणजे त्या कालवडीला, दावं धरून थेट खाटेपर्यंत घेऊन आली. कौसल्येने कालवडीच्या कपाळावर हात ठेवला.

माझ्याकडे काम थोडंच उरलं होतं. दुखणं वाढलं की सुई द्यायची, जखम धुवायची, कूस बदलायची, ओठ ओले करायचे. हे मी हिंगोलीलाही करत होतो. फरक एवढाच की आता लोक बघत होते. पट्ट्या धुवायला विहिरीवर जायचो तेव्हा बाया पाणी शेंदायच्या थांबत. एक भावजय लागणारी म्हणाली, "डाक्टर, आमच्या घरधन्याला बी शिकवा की हे." बाकीच्या हसल्या. मला कानकोंड्यासारखं झालं, पण मी पट्ट्या पिळत राहिलो. दोन-चार दिवसांनी त्याच बाईने माझ्या हातातून बादली घेऊन पाणी भरून दिलं.

एका दुपारी मी असाच विहिरीवर होतो. दादा येताना दिसला. तो सावकाश चालत होता. त्याचं जुनं मुंडासं, जे तो त्या दिवसांत बांधत होता, ते त्याच्या हातात होतं.

 हातातली पट्टी पिळून झाली नव्हती ती पिळली. दादा म्हणाला, "म्या सांगून राहिलो होतो. इंदूनं डाक्टरणीला कुंकू लावलं ते. बांगड्या वाजल्या न्हाईत. म्हनलं झोप लागली आसंल, म्हून सांगतच राहिलो. समदी गोष्ट सांगितली. मंग तुह्या वहिनीला आत जाऊन पाहाय सांगितलं."     

तेरावं झाल्यावर मी हिंगोलीला परत आलो. इंदू दादाकडेच राहिली. निघताना मी दादाच्या पाया पडलो आणि सायकलवर बसलो.

दवाखाना पुन्हा सुरू झाला. काही दिवसांनी एक शेतकरी आपल्या बायकोला गाडीत घालून घेऊन आला. तिच्या गालात, मिश्री लावायच्या जागी, आरपार जखम होती. मान गाठींनी भरलेली. मी सवयीने परभणीची चिठ्ठी लिहायला घेतली. तो हात जोडून उभा होता आणि मी "पुढं" म्हणायला तोंड उघडलं, पण ते मला म्हणवलं नाही. मी त्याला ओट्यावर घेऊन गेलो आणि शेजारी बसवून सांगितलं की हे बरं व्हायचं नाही, परभणीलाही नाही. तो रडला. मी उठून गेलो नाही. मग जखम कशी धुवायची, कोळसा कसा कुटायचा, दूध कापसाच्या बोळ्याने कसं पाजायचं हे त्याच्याकडूनच करवून घेतलं. सुईसाठी मी गावी येईन म्हणालो, आणि गेलोही. त्याने जाताना विचारलं, "साहेब, आन म्या काय करू?" मी म्हणालो, तिच्याजवळ बसून बोलत राहा. काय बोलू, म्हणाला. मी म्हणालो, गावातलं काहीही.

त्या बाईला मी वाचवू शकलो नाही, तशा पुढच्या कितीतरी जणांना नाही. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, दवाखान्यावरची पाटी बदलली, माझ्या बदल्या झाल्या. पण तशी चिठ्ठी मी पुन्हा लिहिली नाही. या एका गोष्टीचा मला थोडा अभिमान आहे. तो माझा एकट्याचा नाही, म्हणून तो सांगायलाही संकोच वाटतो.

तो शेतकरी गाडी घेऊन गेल्यावर मी दादाला पत्र लिहायला बसलो. दादाला वाचता येत नव्हतं. त्याची पत्रं गावचे मास्तर पारावर बसून मोठ्याने वाचून दाखवत आणि चार माणसं ऐकायला जमत. म्हणून मी त्याला आयुष्यभर फक्त खुशाली आणि पाऊसपाणी लिहीत आलो होतो. हे पत्रही पारावर वाचलं जाणार हे मला माहीत होतं. ते असं होतं:

तीर्थरूप दादांस रामाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मास्तर वाचतील. पारावर माणसं असतील तर त्यांना उठवू नका, ऐकू द्या.

कौसल्येच्या दुखण्याची मी लाज धरली. आपल्या घरच्या सुनेला मी कडी लावून ठेवलं आणि भेटायला आलेल्या माणसांना दारातून लावून दिलं. जवळा बाजारच्या मावशीला मी घरात घेतलं नाही, त्यांना माझा नमस्कार सांगा आणि मी असं लिहिलं आहे तेही सांगा. उपचार संपले हे मला हैदराबादलाच सांगितलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही, तिने मला सांगितलं. तेही तुम्ही विचारलं म्हणून.

तुम्ही ओट्यावर बसून जे बोलायचा ते मी आतून ऐकत होतो. मला तसं बोलता येत नाही. शिकून घ्यावं असं मनात आहे.

तिने डोक्यावर घेतलेलं तुमचं मुंडासं मी न विचारता घेऊन आलो आहे. ते परत देणार नाही. नवीन घ्यावं.

इंदूने कुंकू लावल्यावर डाक्टरणीने काय केलं, ते मला कळलं नाही. ती गोष्ट तुम्ही तिला पूर्ण सांगितली होती. मलाही सांगा.

पुढच्या बाजाराला याल तेव्हा घरात येऊन बसा. आता आत यायला कोणाची अडचण उरली नाही. पण तुम्हाला ओट्यावरच बसावंसं वाटलं, तर मी बाहेर येऊन तुमच्याजवळ बसेन.

तुमचा
रामा